कुठल्याच यंत्राला तेल दिसत नाही

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरचं एम्स समोशामुळे देशभरच्या बातम्यांत आलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सरकारी कार्यालयांना एक पत्र पाठवलं होतं. रोजच्या खाण्यात तेल किती, साखर किती हे सांगणारे फलक उपाहारगृहांत आणि सभागृहांत लावा, असं त्यात म्हटलं होतं. नागपूरच्या एम्समध्ये असे फलक लागणार, ही बातमी फिरत फिरत 'समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा' इथवर पोहोचली. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला: कुठल्याही पदार्थावर इशाऱ्याची पट्टी लावायची नाही, ठेलेवाल्यांना कसलाही आदेश नाही, फलक फक्त माहितीसाठी आहेत.

त्याच आठवड्यात नागपूरच्या महाल भागातून माझ्या मामांचा फोन आला. वय अठ्ठावन्न, नुकत्याच केलेल्या तपासणीत साखर 'काठावर', म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, निघालेली. पुण्याच्या मुलानं त्यांना मनगटी घड्याळ पाठवलं, मोबाईलमध्ये खाण्याची नोंद ठेवणारं ॲप टाकून दिलं, चरबी सांगणारा नवा वजनकाटा घेतला आणि दंडावर चौदा दिवसांचा साखरेचा सेन्सरही लावून घेतला. मामा म्हणाले, "चार यंत्रं चार गोष्टी सांगून राहिली बाप्पा. घड्याळ म्हणते शाब्बास, काटा म्हणते वाढलं. कोणाचं ऐकू?"

प्रश्न अगदी रास्त आहे. घरोघरी ही यंत्रं आली, पण त्यातला कोणता आकडा खरोखर मोजलेला आणि कोणता अंदाजानं काढलेला, हे खोक्यावर कोणी लिहीत नाही.

आधी साधा हिशोब

अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजायचं माप म्हणजे कॅलरी. एक ग्रॅम भात-पोळीच्या पिठात किंवा साखरेत साधारण ४ कॅलरी असतात, एक ग्रॅम प्रथिनांत ४ आणि एक ग्रॅम तेल-तुपात ९. या लेखातलं निम्मं सार त्या नऊच्या आकड्यात आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

लागते त्याहून जास्त ऊर्जा पोटात गेली की शरीर ती चरबी म्हणून साठवतं. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात. आता उलट बाजू पाहा. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. चांगला मोठा समोसा तेवढ्याचाच असतो. पहाटे अंबाझरी तलावावर जाऊन तासभर पाय दुखवायचे आणि परतताना एक समोसा खायचा, की वजनाच्या खात्यात शिल्लक शून्य. चालण्याचे बाकी फायदे, म्हणजे हृदय, साखर, झोप, ते मात्र मिळतात आणि ते मोठे आहेत. पण निव्वळ चालून वजन उतरत नाही, असं लोक वैतागून सांगतात, त्याचं कारण या हिशोबात आहे.

घड्याळ: ठोके खरे, कॅलरी अंदाजाच्या

घड्याळात हालचाल ओळखणारी एक बारीक चिप असते आणि खालच्या बाजूला हिरवा दिवा. दिव्याचा प्रकाश त्वचेखालच्या रक्तावरून परततो, त्यातल्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. हे काम घड्याळं बरीच नीट करतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली, तेव्हा सहा उपकरणांत ठोक्यांची चूक ५ टक्क्यांच्या आत निघाली. खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.

म्हणून 'आज ४०० कॅलरी जाळल्या' असं घड्याळानं सांगितलं, तर तेवढ्या जोरावर जिलेबी खाऊ नका. मामा नेमकं हेच करत होते.

दहा हजार पावलांचंही सांगायला हवं. हा आकडा कुठल्या डॉक्टरांनी शोधलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं, आणि तिथून तो आकडा जगभर गेला. अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत साठीपुढच्या लोकांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत बहुतेक फायदा मिळून जातो, असं दिसलं आहे. दोन हजार चालणाऱ्यानं चार हजार केली तरी तो मोठा लाभ आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दहा हजारांच्या हट्टापायी सकाळी नऊ वाजता रस्त्यावर चालू नका. साडेपाचला निघा, नाहीतर घरातच फेऱ्या मारा.

काटा: चरबीआधी पाणी मोजतो

एका रविवारी रात्री सावजीचं मटण झालं आणि सोमवारी सकाळी मामांचं वजन सव्वा किलोनं वाढलेलं. त्यांना धक्काच बसला. पण सव्वा किलो चरबी वाढायला साडेनऊ हजार कॅलरी जास्तीच्या लागतील. एका रात्रीत तेवढं कोणी खाऊ शकत नाही. वाढलं होतं ते पाणी. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. भात-पोळीतली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात राखीव म्हणून साठवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. भात एकदम बंद करणाऱ्यांचं पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झपकन उतरतं आणि पुन्हा भात सुरू केला की परत येतं, त्याचंही हेच कारण.

चरबीचे टक्के सांगणारा काटा तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडतो. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून अडखळत जाते. त्या अडथळ्यावरून काटा चरबीचा अंदाज बांधतो. आता नागपूरचा उन्हाळा आणि घामानं सुकलेलं अंग डोळ्यांसमोर आणा. पाणी कमी झालेलं असलं की काटा चरबी जास्त दाखवतो, आणि दोन लोटे पाणी पिऊन थोड्या वेळानं उभं राहिलं की वेगळं काही सांगतो. म्हणून वजन एकाच वेळी घ्यावं, सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, आणि पाहायची ती आठवड्याची सरासरी. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी वीज सोडणाऱ्या काट्यावर उभंच राहू नये.

दंडावरचा सेन्सर

हे चौघांतलं सर्वांत हुशार यंत्र आणि सर्वांत महागही. चौदा दिवसांना काही हजार रुपये जातात. रुपयाच्या मोठ्या नाण्याएवढी चकती असते, तिच्याखालचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली काही मिलिमीटर जातो. तो रक्तातली साखर मोजत नाही. पेशींभोवती जो पाण्यासारखा द्रव असतो, त्यातली साखर तो मोजतो.

नागपूरला पेंच धरणाचं पाणी आधी मोठ्या जलवाहिनीत येतं आणि मग आपल्या घरच्या टाकीत पडतं. रक्त म्हणजे जलवाहिनी, तो द्रव म्हणजे टाकी. जेवणानंतर साखर रक्तात आधी वाढते, सेन्सरला ती पाच ते पंधरा मिनिटं उशिरा कळते. त्यात आणखी एक अडचण: ज्या दंडावर सेन्सर आहे त्याच कुशीवर झोपलं तर दाबामुळे तो खोटी कमी साखर दाखवतो. मामांचा मोबाईल एका रात्री तीन वाजता किंचाळला, साखर ५८. मामी साखरेचं पाणी घेऊन धावल्या. पण त्यांनी आधी बोट टोचून जुन्या यंत्रावर पाहिलं, तर १०४. त्या दिवसापासून मामा दुसऱ्या कुशीवर झोपतात.

मधुमेह असलेल्यांना, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांना, या सेन्सरचा खूप उपयोग आहे. काठावरच्या माणसाला पंधरा दिवस शिकण्यापुरता तो बरा. निरोगी माणसानं कायम लावून फिरण्याची गरज मला दिसत नाही. जेवणानंतर साखर वाढणं आणि दोन-तीन तासांत खाली येणं ही शरीराची रीतच आहे, आणि प्रत्येक चढाला घाबरलं तर माणूस जेवायचंच विसरेल.

मामांना त्या पंधरा दिवसांत दोन गोष्टी कळल्या. पहिली संत्र्याच्या रसाची. 'आपल्या नागपूरचं फळ, औषधच' म्हणून ते रोज मोठा पेला घेत. पेल्यात तीन-चार संत्री जातात, चोथा बाहेर राहतो आणि साखर सरळ आत येते. सेन्सरची रेघ डोंगरासारखी चढली. तेच एक संत्रं सोलून, फोडी चावून खाल्लं तेव्हा नुसता उंचवटा. दुसरी गोष्ट रात्री दहाच्या भाताची. तेवढाच भात आठ वाजता, आधी कोशिंबीर आणि वरण खाऊन मग घेतला, तर चढ निम्म्यावर आला. भाजी आणि प्रथिनं आधी, पिठाचं नंतर, या क्रमानं साखर कमी चढते हे न्यूयॉर्कच्या एका छोट्या प्रयोगात २०१५ मध्ये दिसलं होतं. अर्थात प्रत्येकाचं शरीर वेगळं. त्याच वर्षी इस्रायलमध्ये ८०० लोकांवर झालेल्या अभ्यासात एकाच पदार्थानं कोणाची साखर भरपूर चढली, तर कोणाची जेमतेम.

पण याच सेन्सरनं मामांना फसवलंही. इथे मूळ मुद्दा येतो.

तर्रीची रेघ सपाट का दिसली?

एका सकाळी मामांनी भरपूर तर्री, म्हणजे चण्याचा तिखट, तेलकट रस्सा, ओतलेले पोहे आणि वर आलुबोंडा खाल्ला. सेन्सरची रेघ फारशी हललीच नाही. मामा खूश, "पाहा, मला तर्री सोसते!"

तेलानं पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. त्यामुळे साखर हळूहळू रक्तात उतरते आणि रेघ सौम्य दिसते. तेलात स्वतःची साखर नसते, सेन्सरला ते दिसणार कसं? घड्याळाला दिसते फक्त हालचाल. काट्याला दिसतं पाणी आणि वजन. ॲपमध्ये 'पोहे, एक प्लेट' असं टाकलं तर ते कुठल्यातरी कांदेपोह्यांचा आकडा देतं. त्या बिचाऱ्याला तर्री म्हणजे काय हे कोण सांगणार?

आपणच मांडून पाहू. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे २१० कॅलरी. त्यावर ओतलेल्या लाल तवंगातून दोन मोठे चमचे तेल पोटात गेलं तर आणखी २५०. म्हणजे पोह्यांपेक्षा त्यांच्यावरचं तेल भारी. तर्रीतला चणा मात्र उत्तम, त्यात प्रथिनं आहेत आणि चोथा आहे. म्हणून तर्री-पोहे सोडा असं मी नागपूरकराला सांगणार नाही. "चणा जास्त टाक भाऊ, तर्री कमी" एवढं ठेल्यावर सांगता येतं. बहुतेक ठेलेवाले ऐकतात.

तेलाच्या कॅनवर तारीख

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दोन हजार कॅलरींच्या दिवसाच्या ताटात तिनं सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चहाच्या चमच्यानं मोजलं तर सहा चमचे, संपूर्ण दिवसाचे. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये दहा टक्के तेल कमी करण्याचं आवाहन केलं, तेव्हा अनेकांनी विचारलं, दहा टक्के कशाचे? आपण किती वापरतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

ते कळायला मार्करचं पेन पुरतं. पाच लिटरचा कॅन फोडला की त्यावर तारीख घाला. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर तेल. चार माणसांच्या घरात प्रत्येकी २७ ग्रॅम धरले तर तो बेचाळीस दिवस पुरायला हवा. मामांकडे मामा, मामी, मुलगी आणि आजी अशी चार माणसं. त्यांचा कॅन अठ्ठावीस दिवसांत संपायचा. म्हणजे माणशी रोज चाळीस ग्रॅम, आणि बाहेरचे समोसे-बोंडे त्यात धरलेलेच नाहीत. जास्तीच्या तेरा ग्रॅमच्या महिन्याला साडेतीन हजार कॅलरी होतात.

कमी कुठून करायचं? मामींनी कॅनमधून थेट कढईत ओतणं थांबवलं, फोडणी चमच्यानं. रस्सा थोडा निवला की वरचा तवंग पळीनं काढून बाजूला, दुसऱ्या दिवशीच्या भाजीला तोच. वडाभातावर आणि गोळाभातावर फोडणीचं तेल पळीनं घालायची आपली रीत आहे. ते बंद होणार नाही, पण पळीऐवजी चमचा चालतो. तळलेल्या पाटोड्यांऐवजी थापलेल्या वड्यांचा पातळ रस्सा. आणि ज्वारीची भाकर, झुणका, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे आपलं जुनं जेवण काठावरच्या माणसाला किती योग्य आहे, हे पाहून मला खरंच आनंद होतो. फक्त झुणक्यात तेलाची धार कमी.

साखरेचं थोडक्यात: दोन चमच्यांचे चार चहा म्हणजे आठ चमचे, ४० ग्रॅम, १६० कॅलरी. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं की जिभेला कळत नाही.

शतपावलीचं शास्त्र

जेवणानंतर चाललं की पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. काठावरच्या माणसाला नेमका याचाच फायदा होतो, कारण त्याच्या शरीरात इन्सुलिन असतं, ते नीट लागू पडत नसतं. शंभर पावलं थोडी कमी पडतात, दहा-पंधरा मिनिटं हवीत. मामांनी एकच भात दोन दिवस तोलून खाल्ला, एकदा जेवून सोफ्यावर बसले, एकदा गल्लीत चालले. दोन्ही रेघा मला पाठवल्या. त्या दिवसानंतर मला काही समजवावं लागलं नाही.

"ॲप तर मला नॉर्मल म्हणते!"

उंचीच्या मानानं वजन पाहायचं माप म्हणजे बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. जगभरच्या मापानुसार २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा. भारतीयांसाठी मात्र २३ आणि २५ अशा रेषा धरतात. परदेशी ॲपमध्ये ही सोय अनेकदा नसते. साडेपाच फुटांहून किंचित कमी उंची असलेला सत्तर किलोचा माणूस तिथे जेमतेम रेषेवर दिसतो, आपल्या मापानं तो लठ्ठपणात येतो.

असं का, याचं एक सुंदर उदाहरण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण सडपातळ दिसूनही आतून चरबीदार असू शकतो, आणि ती चरबी पोटात साठते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात मधुमेह असलेले १०.१ कोटी आणि काठावरचे १३.६ कोटी लोक असल्याचा अंदाज आला, त्याच्या मागे हेही एक कारण आहे.

"आमचे आजोबा तूप ओरपून नव्वदीपर्यंत जगले"

जगले असतील. पण ते पायी शेतावर जायचे आणि समोसा त्यांना जत्रेतच मिळायचा. शिवाय जे जगले तेच आपल्याला आठवतात. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं.

"एवढं करण्यापेक्षा इंजेक्शन घेतो"

२०२५ मध्ये मार्चला टिरझेपॅटाइड आणि जूनला वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं भारतात आली. ही औषधं भूक कमी करतात, पोट भरल्याचा संदेश मेंदूला लवकर देतात, आणि ज्यांना डॉक्टरांनी सुचवली आहेत त्यांनी ती घेण्यात कमीपणा काही नाही. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला, असं चाचणीत दिसलं. वजनासोबत स्नायूही घटतात, म्हणून डाळ, दही, अंडी आणि थोडा जोराचा व्यायाम तेव्हाही लागतोच. मित्रानं घेतलं म्हणून आपण घ्यावं, असं हे औषध नाही.

एक सूचना कळकळीनं: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता भात बंद करू नका, उपास धरू नका. औषध तेवढंच राहिलं आणि जेवण घटलं तर साखर खरोखर खाली जाते, आणि ती सेन्सरची चूक नसते.

मोबाईल नसेल तर

मामींकडे साधा फोन आहे. त्यांनी शिलाईची फीत काढली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापायचं. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी, बायकांची ८० च्या आत. पोटातल्या चरबीचा अंदाज या फितीवरून बऱ्यापैकी येतो. मामी दर महिन्याला पौर्णिमेला मापतात आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीनं लिहितात. श्रावणात ९३ होती, भाद्रपदात ९३, आश्विनात ९१. दिवाळीच्या फराळानंतर कार्तिकात पुन्हा ९२. तेलाचा चालू कॅन सदतिसाव्या दिवशीही संपलेला नाही, असं काल त्या सांगत होत्या.